अर्ध्या सेल्फाची फियाट

"अर्ध्या सेल्फात!" असं नागोजी म्हणाला की समोरच्यानं मान डोलवायची, अशी शहापुरात रीतच पडून गेली होती. जो डोलवणार नाही त्याला नागोजी हाताला धरून घरी न्यायचा, मागशेडच्या भिंतीला खेटून उभ्या असलेल्या आपल्या फियाटमध्ये बसवायचा आणि चावी फिरवायचा. सेल्फ धड 'घर्र' म्हणण्याआधीच इंजिन जागं व्हायचं. "बघितलास? पुरा सेल्फ हिला लागतच न्हाय. माझा हात वळखती ती!" चोवीस वर्षं हे वाक्य तो त्याच सुरात म्हणत आला होता.

गाडी एकोणीसशे शहाऐंशी सालची. नागोजीनं घेतली तेव्हाच ती चार मालकांचं घर बघून आली होती, त्यामुळे स्वस्तात मिळाली. मूळचा रंग पांढरा होता असं कागदपत्रं सांगत. पुढची सीट सलग, बाकासारखी, तिघं ऐसपैस बसतील अशी. गिअर स्टिअरिंगच्या दांडीला. आणि सीटला कव्हर म्हणाल तर खुद्द नागोजीनं मागावर विणलेलं, हिरवं, लाल काठाचं. शहापुरात साडी नेसलेली गाडी एवढी एकच होती.

रविवारी सकाळी चहाच्या गाडीवर जुन्या गाड्यांच्या जाणकारांची बैठक भरे. सदस्य तीन. नागोजी, त्याचा शेजारी यल्लाप्पा, ज्याचे स्वतःचे सहा माग आणि एक खटारा ओम्नी होती, आणि शामू, बसवर तीस वर्षं ड्रायव्हरकी करून निवृत्त झालेला. शामू डिझेलचा माणूस. पेट्रोलच्या गाडीत तो हात घालत नसे, मत मात्र घाली. बैठकीत हसणं वर्ज्य होतं.

"अँबॅसिडर म्हंजे घर," शामू म्हणायचा. "घराला पिकअप इचारत न्हाईत."

"एट हंड्रेड बघा," यल्लाप्पा म्हणायचा. "डबडं हाय, पर इमानी. माझा मेव्हणा तिच्यातनं म्हस सोडून सगळं न्हेतोय."

"आणि आजच्या गाड्या?" नागोजी विचारायचा.

यावर तिघंही मान खाली घालून चहा प्यायचे. जे हयात नाही त्याविषयी आणि जे नालायक आहे त्याविषयी फार बोलू नये, असा त्यांचा नियम होता.

तर अशा या गाडीला घर सोडायची वेळ आली. नागोजीच्या मुलानं, मंथननं, दोन नवे, जास्त वेगाचे रेपियर माग घ्यायचे ठरवले. जुने चार माग पोट भरत होते, पण फक्त पोटच भरत होते. नव्या मागांना जागा एकच, फियाट उभी होती ती. मंथनचंही बरोबरच होतं. नागोजीनं तीन महिने टाळाटाळ केली, आणि एक दिवस मंथन खाली बघत म्हणाला, "आप्पा, शुक्रवारी माग यायला लागलेत. तवर कोण घेणारा मिळाला तर बघा. न्हाय तर भंगारवाल्याला सांगून ठेवलंय मी."

भंगारवाला हा शब्द ऐकून नागोजीचं जेवण गेलं. त्यानं भंगाराचं आवार बघितलं होतं. तिथं गाड्या एकावर एक रचतात आणि आधी दारं काढतात. रात्रभर तो त्या दारांचाच विचार करत राहिला.

मंथनच्या बायकोनं, मंजुश्रीनं, गाडीचा फोटो मोबाईलवर टाकला. पंधरा जणांनी 'छान' म्हटलं, एकानंच फोन केला. बुद्धप्रिय त्याचं नाव. निपाणीच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतो म्हणाला.

"काका, गाडी माझ्या वडलांना हवी आहे. त्यांची एकच अट आहे. इंजिन थंड असताना चालू करून दाखवायची आणि तो आवाज शांततेत ऐकायचा. बाकी काही बघणार नाहीत."

"एवढंच?" नागोजी हर्षानं ओरडला. "अर्ध्या सेल्फात दावतो! गुरुवारी सकाळी धाला या!"

फोन ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपल्या घरात शांतता नावाची वस्तू नाही. सकाळी सहापासून चार माग खटक-खटक करतात. गाडी आणि माग यांच्यात एक वीत भिंत. फियाटचा आवाज तर सोडाच, इथं माणसं एकमेकांना जेवायलाही खुणेनं बोलावतात. मग त्यानं तो निर्णय घेतला, ज्यामुळे पुढचं सगळं झालं.

"गुरुवारी धाला पाच मिनटं माग बंद ठिवायचे," त्यानं जाहीर केलं.

त्याची बायको इंदुताई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. "माग बंद? भर दिवसा? अवो, गल्ली काय म्हणंल?"

"पाच मिनटांत गल्ली काय म्हणतीय!"

इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे. शहापुरात वीज गेली तर सगळे माग एकदम थांबतात, आणि कुणी मान वर करून बघत नाही. अमावास्येला माग बंद असतात, तेही ठरलेलं. पण वीज असताना, साध्या दिवशी, एका घरचे माग थांबले तर त्याचा अर्थ एकच. त्या घरात कुणीतरी गेलं. मग शेजारचा आपले माग थांबवतो, मग त्याच्या शेजारचा. निरोप द्यायला कुणाला जावं लागत नाही. थांबलेले माग पुन्हा सुरू होतात ते त्या घरातलं वडीलधारं माणूस "चालू करा" म्हणेल तेव्हाच. नागोजीला हे ठाऊक नव्हतं असं नाही. साठ वर्षं तो याच गल्लीत राहत होता. पण त्या चार दिवसांत त्याच्या डोक्यात फियाटखेरीज काही शिरत नव्हतं.

गुरुवारी पहाटे उठून त्यानं गाडी धुतली, पुसली, बॉनेटवर फूल ठेवलं. पावणेदहाला साक्षीदार म्हणून शामूला बोलावून घेतला. दहाला बुद्धप्रियची चकचकीत नवी गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबली. बुद्धप्रिय चाळिशीचा, चष्मेवाला. त्याच्याबरोबर वडील भरमा, सत्तरी ओलांडलेले, पांढरा सदरा, पांढरं धोतर, ताठ कणा. फियाटसमोर येऊन उभे राहिले आणि तिला एकदा डोळे भरून बघितलं. मग हातातल्या रुमालानं तिचा डावा आरसा पुसला. आरसा स्वच्छच होता.

नागोजीला माणूस एकदम आवडला. "मंथन! बंद कर रं!"

चारही माग थांबले. नागोजी मोठ्या इतमामानं गाडीत बसला, चोक ओढला, शामूकडे एक नजर टाकली आणि चावी फिरवली.

घर्र. घर्र. घर्र. घर्र.

गाडी चालू झाली नाही.

"नवीन माणसं बघून लाजली," नागोजी म्हणाला आणि परत चावी फिरवली. घर्र, घर्र. घाम आला. "एक मिनट हं! आसं कधी व्हत न्हाय!"

तेवढ्यात शेजारी यल्लाप्पाचे सहा माग थांबले. नागोजीला भरून आलं. काय शेजारी म्हणायचा! न सांगता माग थांबवले, माझ्या गाडीचा आवाज नीट ऐकू यावा म्हणून! मग पलीकडच्या घरचे थांबले. मग समोरचे. एकामागून एक करत सगळी गल्ली गप्प झाली, कोपऱ्यावरच्या पिंपळावरचे कावळे ऐकू येऊ लागले, आणि त्या अपूर्व शांततेत नागोजीची फियाट एखाद्या म्हाताऱ्यासारखी खोकत राहिली.

मग माणसं येऊ लागली. यल्लाप्पा डोक्यावरची टोपी काढून हातात धरून आला. त्याच्यामागं दहा-बारा पुरुष, खांद्यावर टॉवेल. बायका तोंडाला पदर लावून. यल्लाप्पानं नागोजीला गाडीतून बाहेर ओढला आणि गळामिठी घातली.

"धीर सोडू नकोस नागू."

"न्हाय सोडत," नागोजी म्हणाला. "आणि एकदा सेल्फ मारून बघतो."

यल्लाप्पानं त्याच्याकडे दयेनं बघितलं. दुःखानं माणसाचं डोकं फिरतं हे त्यानं पूर्वीही पाहिलं होतं.

एवढ्यात समोरच्या घरातली मालुबाई "गुणाआक्का गं!" असा हंबरडा फोडून थेट आत घुसली. नागोजीची आई गुणाबाई एक्याण्णव वर्षांची. साठ वर्षं मागांच्या आवाजात सुताच्या कांड्या भरून तिचे कान कधीच गेले होते. ती माजघरात सुताचा गुंता सोडवत बसली होती. समोर मालुबाई छाती पिटत आलेली बघून तिनं ओळखलं की हिच्या घरी काहीतरी झालं. ती उठली, मालुबाईला पोटाशी धरलं आणि तिच्याहून मोठ्यानं रडू लागली. मालुबाईनं डोळे उघडले तेव्हा जिच्यासाठी आपण रडतोय तिच्याच गळ्यात पडून रडतोय हे तिला दिसलं. तिची दातखीळ बसायचीच बाकी होती.

गुणाबाई तिला धरून बाहेर ओट्यावर आली. सगळी गल्ली उभी. सगळ्यांनी एकदम श्वास घेतला.

"मला वाटलंच," गुणाबाई डोळे पुसत म्हणाली. "पायाखालची भुई हालायची थांबली तवाच म्हटलं, कोन तरी गेलं. कोन गेलं रं यल्लाप्पा?"

यल्लाप्पानं टोपी डोक्यावर घातली, परत काढली. "आक्का... म्हंजे... तुमी न्हाय व्हय?"

कुणी गेलं नाही, गाडीचा आवाज ऐकायला माग थांबवले, हे तिला तीनदा मोठ्यानं सांगावं लागलं. समजल्यावर ती ओट्यावर मटकन बसली आणि मुलाकडे बघू लागली. "गाडीसाठनं? माझा बाप गेला तवा दोन दिस माग बंद व्हते, आणि तू गाडीसाठनं बंद केलास?"

"पाच मिनटं गं आई..."

"मग आता ऱ्हाऊ दे बंद. मी सांगंस्तवर कुणीबी चालू करायचे न्हाईत." आणि तिनं पदर खोचून पाठ भिंतीला टेकवली.

आता आली का पंचाईत! माग बंद, हातात काम नाही, मयत नाही. वीस-पंचवीस माणसं दुःख करायला म्हणून आलेली, ती तशीच कशी परतणार? त्यांची नजर फियाटवर गेली. बॉनेटवर फूल, आत मालक घामाघूम. शामूनं हळूच सांगितलं की गाडी चालली, निपाणीला, नाहीतर उद्या भंगारात. गल्लीत एकदम हळहळ पसरली. चोवीस वर्षांत त्या गाडीत बसला नाही असा तिथं एकही जण नव्हता.

पहिली मालुबाई बोलली. रडणं शिल्लक होतंच. "माझ्या थोरल्याच्या वक्ताला हिच्यातनंच दवाखान्यात गेलते बघा. तळाला भोक हाय न्हवं, पायापाशी? त्यातनं रस्ता पळताना दिसायचा. त्याच्याकडं बघत बघत कळा सोसल्या मी."

बुद्धप्रियनं वाकून पायापाशी बघितलं. नागोजी घाईघाईनं म्हणाला, "पत्रा ठोकलाय तितं! कवाच ठोकलाय!"

"माझ्या लेकीच्या वरातीला हीच व्हती," यल्लाप्पा गहिवरून म्हणाला. "हॉर्न अडकला तो अडकलाच. देवळापासनं मंगल कार्यालयापातूर. बँडवाला रुसून घरी गेला. लोक अजून इचारतात, तो बँड कुठला व्हता म्हणून."

"ह्या दाराचं काय इचारू नका," आणखी एक जण म्हणाला. "वळणावर आपसूक उघडायचं. साडीच्या काठानं बांधून ठिवायचो. पर एक डाव कुणाला पाडलं असंल तर शपथ."

"कडोलीच्या साहित्य संमेलनाला अध्यक्षास्नी हिच्यातनं आणलं," शामूनं सुरू केलं. "मुक्काम तितंच. सकाळी गाडी काय चालू व्हईना. अध्यक्ष उतरले, कोट काढला आणि ढकलली. भाषणात म्हणाले, मराठीलाबी आसंच सगळ्यांनी मिळून ढकलाय पायजे. काय टाळ्या पडल्या!" शामूनं डोळे मिटले. "पर खरी परीक्षा तवंदीच्या घाटात. उतारावर ब्रेकच लागंना. मी शेजारी बसलेला. म्हटलं नागोजी, गिअरवर घे. घेतली. हिनं आमास्नी खाली आणलं, ओरखडा न्हाय. आसली माया आजच्या गाडीत मिळंल व्हय?"

तवंदीचा घाट. म्हणजे शहापूरहून निपाणीला जाताना बरोबर वाटेत लागतो तोच. नागोजीनं शामूच्या पायावर पाय दिला, पण श्रद्धांजली वाहणारा माणूस असा थांबत नाही. एकेक जण येऊन बॉनेटवर हात ठेवत होता आणि प्रेमानं गाडीचा एकेक रोग सांगत होता. आणि बुद्धप्रिय, शिक्षकच तो, प्रत्येक गोष्ट लक्षपूर्वक ऐकत होता. भरमा मात्र सगळ्यांकडे पाठ करून उभे होते, एक हात गाडीच्या टपावर.

नागोजीनं मध्ये मध्ये आणखी चारदा सेल्फ मारला. आता तर घर्रही दमलेलं येत होतं. गॅरेजच्या मेस्त्रीला फोन केला. जुना मेस्त्री वारला होता, त्याचा मुलगा म्हणाला, "काका, त्यात कॉम्प्युटर जोडायला कुठं जागा आहे?"

शेवटी बुद्धप्रियनं घड्याळ बघितलं. फार सभ्य माणूस. "काका, तुमच्या सगळ्यांचं प्रेम बघून बरं वाटलं. आम्ही कळवतो तुम्हाला."

'कळवतो' म्हणजे काय ते नागोजीला कळत होतं. मुली बघायला आलेले लोक तेच म्हणून जातात. बापलेक गल्लीच्या तोंडाकडे चालू लागले. भरमा दोनदा मागं वळले. नागोजीच्या डोळ्यांसमोर दारं निखळलेली फियाट उभी राहिली, आणि साठ वर्षांचा तो माणूस, ज्याला बघून कामगार टरकायचे, भर गल्लीत सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसू लागला.

ओट्यावरून गुणाबाई बघत होती. कान गेले होते, डोळे शाबूत होते. मुलाला रडताना तिनं यापूर्वी एकदाच बघितलं होतं, त्याचे वडील गेले तेव्हा.

"बास झालं," ती म्हणाली. "चालू करा रं माग. पोरगं रडतंय माझं."

मंथननं खटका दाबला. चारही माग खडखडले. भिंतीपलीकडे यल्लाप्पाच्या पोरानं सहा चालू केले. मग समोरचे, मग पलीकडचे, आणि बघता बघता गल्लीची भुई पुन्हा रोजच्यासारखी थरथरू लागली. लोक आपापल्या घरी पांगले. नागोजी निमूट गाडीत जाऊन बसला. दार ओढून घेतलं. लाल काठावरून हात फिरवला. आता उद्या इथं ती असणार नव्हती. सवयीनं, अगदी सवयीनं, त्यानं चावी फिरवली.

अर्ध्या सेल्फात!

फियाट अशी गुरगुरली, असा धूर सोडला की इंदुताई दारात धावत आली. शामूनं "आलं, आलं!" म्हणून आरोळी ठोकली. गल्लीच्या तोंडाशी भरमांनी पुन्हा मागं वळून तो धूर बघितला आणि बापलेक परत फिरले. नागोजीनं आनंदानं टुणकन उडी मारायला हवी होती. पण तो स्टिअरिंगवर हात ठेवून तसाच बसून राहिला. हातातलं स्टिअरिंग थरथरत होतं. इंजिनामुळे नव्हे. त्यानं इंजिन बंद केलं, तरी थरथरत होतं. सीट थरथरत होती, बॉनेटवरचं फूल थरथरत होतं. आणि मघाशी आई काय म्हणाली ते त्याला आठवलं. भुई हालायची थांबली.

मग बाकीचं सगळं ओळीनं आठवलं. कडोलीचा मुक्काम. परगावी रात्र काढली की सकाळी धक्का लागायचाच, आणि तो म्हणायचा, हिला परकं पाणी सोसत नाही. वीज गेलेली असताना दोनदा चालू झाली नव्हती, तेव्हा म्हणाला होता, बघा, हिलाबी वीज गेलेली कळती. अमावास्येला तर तो गाडी बाहेर काढतच नसे. चोवीस वर्षं तो म्हणत होता, माझा हात ओळखते. हाताचा काही संबंध नव्हता. मागांनी भिंत हलवायची, भिंतीनं गाडी हलवायची, आत कुठंतरी अडकलेलं काहीतरी त्या हादऱ्यानं सुटायचं. श्रेय सगळं मागांचं, त्यातलं थोडं यल्लाप्पाच्याही मागांचं.

बापलेक गाडीपाशी आले. बुद्धप्रिय हसत होता. "काका, झाली की! घेतो आम्ही. आजच नेतो."

आता नागोजीनं फक्त गप्प बसायचं होतं. एवढंच. गाडी निपाणीला पोचली असती, दारं वाचली असती. उद्या तिथं चालू झाली नाही तर नवा मालक आणि त्याचं नशीब! इंदुताई दारातून खुणावत होती, हो म्हणा. नागोजीनं भरमांच्या हातातला तो रुमाल बघितला आणि त्याच्यानं राहवेना.

"अण्णा," तो भरमांना म्हणाला, "ही निपाणीत चालू व्हणार न्हाय." आणि त्यानं सगळं सांगितलं. माग, भिंत, भुई, कडोली. सांगताना मान वर झाली नाही. "इतकी वर्सं माझा हात, माझा हात म्हणत आलो. हात न्हवता. माग व्हते."

बुद्धप्रियनं चष्मा काढला. "म्हणजे कंपनांमुळे कार्बोरेटरमधली सुई मोकळी होत असणार! काका, हे फार रंजक आहे. यात वारंवारता..."

"गप रं," भरमा म्हणाले. सकाळपासून ते पहिल्यांदाच बोलत होते. मग ते हसू लागले. आवाज न करता, खांदे हलवत, बराच वेळ. "पान्हा हाय का, नागोजीअण्णा? बारीक."

मंथननं पान्हा आणून दिला. भरमा बॉनेट उघडून खाली वाकले. नुसत्या बोटांनी चाचपत त्यांनी एक जागा शोधली आणि तिथं पान्ह्यानं टक, टक, टक असं हलक्या हातानं तीनदा वाजवलं.

"तंबाखूच्या गोदामात हमाल व्हतो मी," ते वाकूनच बोलत होते. "मालकाची आसलीच गाडी व्हती. सकाळी धुवायची माझ्याकडं. ड्रायव्हर आत बसायचा आणि वरडायचा, भरमा, मार! मी हितं पान्हा मारायचो, मग ती चालू व्हायची. अकरा वर्सं. ह्येच्याबिगार ती गाडी हालली न्हाय. पर अकरा वर्सांत आत बस म्हणून कोन म्हटलं न्हाय." ते सरळ झाले, रुमालाला हात पुसले. "रोग न्हाय हो ह्यो. सवय हाय तिची. मला नवी गाडी नको हाय, ह्या पोरानं दोन घेतल्यात. मला हिच्यात बसायचंय."

मागांच्या खडखडाटात हे सगळं ओरडून बोलावं लागलं होतं. त्यामुळे अख्ख्या गल्लीनं ऐकलं.

नागोजी गाडीतून उतरला. त्यानं आधी मागचं दार उघडलं, पाहुण्याला मान म्हणून. मग स्वतःच ते लावलं आणि पुढचं उघडलं. "हितं बसा अण्णा. पुढं."

भरमा बसले. हिरव्या साडीवर, लाल काठाला धक्का न लावता. बुद्धप्रिय चालवायला बसला, आणि सलग सीटवर जागा उरलेली बघून भरमांनी नागोजीलाही ओढून घेतलं. गल्लीच्या तोंडापर्यंत तिघं पुढं बसून गेले. गुणाबाईनं खिडकीतून खण-नारळ आत दिला, सासरी निघालेल्या लेकीला देतात तसा. तोंडाशी नागोजी उतरला. बुद्धप्रियची चकचकीत गाडी मागून मंथन घेऊन गेला, तिच्याकडे कुणाचं लक्षही नव्हतं.

त्या रविवारी चहाच्या गाडीवर नागोजी नुसता कपाकडे बघत बसला होता. शामूनं अँबॅसिडरचा विषय काढून पाहिला, यल्लाप्पानं एट हंड्रेडचा. 'अर्ध्या सेल्फात' हे शब्द कुणीच उच्चारले नाहीत. यल्लाप्पाला आपल्या सहा मागांविषयी दोन शब्द बोलायची फार इच्छा होती, पण बिचाऱ्यानं ते चहाबरोबर गिळले.

इतक्यात फोन वाजला. भरमा होते.

"कशी हाय?" नागोजीनं भीत भीत विचारलं.

"लई झ्याक! आमच्या गल्लीत पिठाची गिरणी हाय न्हवं, तिच्या भिताडाला लावतो आता. सकाळी गिरणी चालू झाली की चावी फिरवायची. अर्ध्या सेल्फात!" पलीकडून खांदे हलवून हसल्याचं इकडे जाणवलं. "अकरा वर्सं मी पान्हा मारला, नागोजीअण्णा. आता गिरणी मारती, मी आत बसतो."

"आणि गिरणीला सुट्टी असंल तवा वो?"

"बुधवारी आसती. तवा बुद्धप्रिय मारंल. प्राध्यापक हाय, पर हात चांगला हाय."

नागोजीनं फोन खिशात ठेवला. शामू आणि यल्लाप्पा त्याच्या तोंडाकडे बघत होते. त्यानं चहाचा एक घोट घेतला, पाठ ताठ केली आणि पुन्हा तोच जुना सूर लावला.

"अर्ध्या सेल्फात," तो म्हणाला. मग जरा थांबून, प्रामाणिकपणे, "बुधवार सोडून."